आवाज क्रमांक सतरा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विनीता खानझोडेला तिच्या जुन्या विद्यापीठाची ईमेल आली. प्राध्यापक जी. ॲलन व्हिटलॉक यांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण होत आहेत. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांतल्या बोलीवर त्यांनी आयुष्यभर केलेलं काम आता सर्वांसाठी ऑनलाइन खुलं झालं आहे. जूनमध्ये समारंभ आहे, भाषाकेंद्राला सरांचं नाव द्यायचं आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी जरूर यावं. ज्यांना आठवणी सांगायच्या असतील त्यांना प्रत्येकी तीन मिनिटं मिळतील.

अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने ती ईमेल दोनदा वाचली आणि खालच्या लिंकवर बोट ठेवलं. डोंगरांचा नकाशा उघडला. त्यावर लाल ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला क्रमांक. नावं नव्हती. 'आवाज क्रमांक सतरा, वृद्ध स्त्री, १९८७.' तिने तो दाबला.

आधी एका पुरुषाचा आवाज आला. शांत, घोटीव, शिकलेला. "तुमच्या आईच्या काळात बाळंतपणं कोण करायचं?"

मग ओपल डॉकरी बोलू लागली. ओपलला जाऊन तीसहून अधिक वर्षं झाली होती. तिच्या घशातली खरखर तशीच होती, आणि मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता तोही.

"प्रल्हाद," विनीताने हाक मारली, "इकडे ये. हा माणूस माझा प्रश्न विचारतोय."

प्रल्हाद, तिचा नवरा, आयुष्यभर विमानांच्या इंजिनांत काम करून निवृत्त झालेला. त्याने कान देऊन ऐकलं. "एडिटिंग मात्र सफाईदार केलंय," असं तो म्हणाला.

झालं होतं ते असं. १९८६ साली विनीता पीएचडीसाठी या विद्यापीठात आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. नागपूरची मुलगी. एमएला पुण्यात होती तेव्हा घरच्या सवयीने 'मले-तुले' तोंडातून निघालं की वर्गातल्या मुली तिची नक्कल करायच्या. बोलीवरून हसणारी माणसं कशी हसतात हे तिला पाठ होतं. त्यामुळे अटलांटातली मंडळी डोंगरातल्या लोकांच्या इंग्रजीवर हसताना दिसली तेव्हा तिला ते हसू ओळखीचं वाटलं. डोंगरातले लोक 'इट'ला 'हिट' म्हणतात, 'हेल्प्ड'च्या जागी 'होल्प' म्हणतात. शहराचं मत असं, की हे अडाणी आहेत, यांना व्याकरण येत नाही.

विनीताने जुनी कागदपत्रं चाळली. 'हिट' हेच मूळ रूप होतं, त्यातला 'ह' नंतर लंडनच्या लोकांनी गाळला. 'होल्प' तर जुन्या इंग्रजी बायबलात छापलेलं होतं. चारशे वर्षांपूर्वी गलबतांतून जी माणसं इकडे आली ती आपल्या तोंडातले शब्द बरोबर घेऊन आली. मागे राहिलेल्यांनी ते शब्द टाकले आणि नंतर इकडच्यांनाच हसायला सुरुवात केली. पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणणाऱ्या अमेरिकनांना इंग्लंड हसलं, अमेरिकेची शहरं डोंगराला हसली. डोंगरात जुनी इंग्रजी जशीच्या तशी जिवंत आहे, असं थोतांड काही हौशी लोक पसरवत होते. विनीता तसं म्हणत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की ही मोडकी भाषा नाही, हिला वंशावळ आहे, आणि प्रत्येक शब्दाची वंशावळ मी दाखवते.

त्यासाठी ती जुनी टोयोटा घेऊन दोन वर्षं डोंगरात हिंडली. एक्केचाळीस माणसांचे आवाज तिने टिपले. कोऱ्या कॅसेटी विकत घ्यायला पैसे पुरेनात, तेव्हा आई नागपूरहून बोलकी पत्रं म्हणून पाठवायची त्या कॅसेटींची मागची बाजू तिने वापरली. पहिल्या बाजूला आई लोणच्याचं आणि शेजारच्या लग्नाचं सांगायची, दुसऱ्या बाजूला जॉर्जियातली एखादी म्हातारी डुक्कर मारल्याचं. संध्याकाळी विनीता त्या मुलाखतींच्या प्रती उतरवून सरांना द्यायची. मूळ कॅसेटी तिच्याकडेच राहायच्या, कारण त्यांवर आई होती.

व्हिटलॉक सरांनी तिला दोन खोऱ्यांची यादी दिली होती. ती चुकून तिसऱ्यात शिरली आणि तिथे तिला ओपल भेटली. अडुसष्ट वर्षांची, एकटी राहणारी, दारात सफरचंदाचं झाड. पहिल्या दिवसापासून ती विनीताला 'व्हिनी' म्हणू लागली. विनीताला तिचं बोलणं मनातल्या मनात वऱ्हाडीतच ऐकू यायचं, दुसऱ्या कोणत्याच मराठीत ते बसत नव्हतं.

तिसऱ्या भेटीत, पहिल्यांदाच टेप लावली त्या दिवशी, ओपल म्हणाली, "व्हिनी, बंद कर ते मशीन. माह्या पोट्ट्याची गोष्ट सांगतो तुले."

विनीताने बटण दाबलं. मग ओपलने सांगितलं. तिचा मुलगा ग्रेडी हुशार होता. शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात गेला. तिथे पोरं त्याच्या बोलण्यावर हसली. त्याने बोलणं बदललं, मग आडनाव बदललं, मग आपण व्हर्जिनियातल्या एका शिक्षिकेचे चिरंजीव आहोत असं सांगू लागला. पंचवीस वर्षांत आला नव्हता.

"तोच तुहा मास्तर हाय," ओपल म्हणाली.

थोड्या वेळाने ओपलनेच मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्याच्याजवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "ग्रेडी, तू व्हिटलॉक झाला तरी माहाच पोट्टा हायस. मी तुह्या शाळेतल्या लोकायसारखं नाई बोलू शकत. म्हणून तू येत नाईस, हे मले समजते. मले राग नाई. येऊन काई बोलू नको. नुसता बसजो."

मग विनीताला म्हणाली, "त्यानं माह्याबद्दल कधी इचारलं, तर हे त्याले ऐकवजो. नाई इचारलं, तर राहू दे. दुसऱ्या कोणाले ऐकवू नको."

त्या दिवसाची कॅसेट विनीताने ओपलच्या 'बंद कर ते मशीन' या वाक्याआधीपर्यंतच उतरवून सरांना दिली. सरांनी ती ऐकून आवाज ओळखला असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याशी नजर मिळवेनासे झाले. त्यांनी आईबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. एकोणनव्वद साली प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, चार प्राध्यापकांसमोर, त्यांनी तिला 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हे दोन शब्द म्हणायला लावले. तिने म्हटले. मराठीत एकच 'व' आहे, तिचे दोन्ही शब्द एकच निघाले.

"ज्या तोंडाला हा फरक करता येत नाही," सर समितीला म्हणाले, "त्याचा कान इंग्रजीचे स्वर काय ऐकणार? या नोंदींवर मला विश्वास ठेवता येत नाही."

प्रबंध नापास झाला. शिष्यवृत्ती थांबली, व्हिसा संपत आला. प्रल्हादशी लग्न ठरलेलंच होतं म्हणून ती या देशात राहू शकली. दोन वर्षांनी सरांचं पुस्तक आलं. एक्केचाळीस आवाज, तीच वंशावळ, तीच उदाहरणं. प्रस्तावनेत आभार होते, 'टंकलेखनात मदत करणाऱ्या एका परदेशी विद्यार्थिनीचे'. पुस्तक गाजलं. विनीता विम्याच्या कंपनीत लागली आणि चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका शोधत राहिली. तेवढ्या वर्षांत तिने एकदाही मीटिंगमध्ये 'वेस्ट' शब्द उच्चारला नाही. 'वेस्ट कोस्ट' म्हणायचं असलं की ती 'कॅलिफोर्निया' म्हणायची.

आता तिने कपाटातून कॅसेटींचं खोकं काढलं. जुन्या सामानाच्या दुकानातून एक टेपरेकॉर्डर आणला. त्यातला रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. प्रल्हादने दुसरा बसवला. मग आठवडाभर बसून तिने संकेतस्थळावरचे सगळे आवाज आपल्या कॅसेटींशी ताडून पाहिले. बाकीच्या चाळीस आवाजांत तिचा प्रश्न नुसता कापून टाकला होता. फक्त सतरा क्रमांकात प्रश्नांच्या जागी व्हिटलॉकचा आवाज होता, आणि तो इतर ठिकाणच्या व्याख्यानांतल्यासारखा नव्हता. हळू होता. तो आईला प्रश्न विचारत होता आणि आई त्याला उत्तरं देत होती.

विनीताला कीव यायला हवी होती. ती आली नाही. तिच्या मनात फक्त एवढंच आलं, की याचं दुखणं कुठे आहे ते आता मला कळलं.

तिने विद्यापीठाला पुराव्यासकट लिहिलं. उत्तर आलं की प्रकल्प जुना आहे, नोंदींमधल्या त्रुटींकडे समारंभानंतर लक्ष दिलं जाईल. तेव्हा तिने तीन मिनिटांसाठी नाव नोंदवलं.

"विनू, पंच्याऐंशीचा म्हातारा आहे तो," प्रल्हाद म्हणाला. "वकिलामार्फत जाऊ. तमाशा कशाला?"

"मी अठ्ठावीसची होते तेव्हा कुणी म्हणालं का, पोर आहे, जाऊ द्या?"

"तसं नाही..."

"त्याने चार माणसांसमोर माझं तोंड उघडून दाखवलं, प्रल्हाद. घोड्याचे दात बघतात तसं. मला चारशे माणसं हवीत."

चारशे नव्हती, दीडशे होती. जूनच्या एका शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर. पांढरे टेबलक्लॉथ, लिंबाचा केक. व्हिटलॉक पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसले होते, गळ्यात बो टाय. विनीता त्यांच्यासमोरून टेपरेकॉर्डर घेऊन गेली तेव्हा त्यांनी ओळखलं नाही.

आधीच्या तिघांनी सरांच्या विनोदबुद्धीच्या गोष्टी सांगितल्या. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

"मी सरांची टंकलेखनात मदत करणारी विद्यार्थिनी," ती म्हणाली. लोक हसले. "आठवण सांगण्यापेक्षा ऐकवते."

तिने फोनवरून संकेतस्थळावरचा आवाज लावला. घोटीव पुरुषी प्रश्न, ओपलचं उत्तर. लोक कौतुकाने ऐकत होते. मग तिने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. खरखर झाली. सव्वीस वर्षांच्या मुलीचा, जरा घाबरलेला, नागपुरी वळणाचा आवाज सभागृहात आला. "तुमच्या आईच्या काळात बाळंतपणं कोण करायचं?" आणि ओपल म्हणाली, "अवं व्हिनी, ते लई जुनं झालं." मागे कोंबडा आरवला, दोन्हींत एकाच जागी.

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. सूत्रसंचालक बाई उठून उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या.

"अशा एक्केचाळीस कॅसेटी माझ्याकडे आहेत," विनीता म्हणाली. "प्रत्येकीच्या दुसऱ्या बाजूला माझी आई मराठीत बोलते. ती काही प्राध्यापक व्हिटलॉक यांनी टिपलेली नसणार. मला वेस्ट म्हणता येत नाही म्हणून मला ऐकू येत नाही, असा निकाल या गृहस्थांनी दिला होता. वेस्ट. व्हेस्ट. अजूनही येत नाही. ऐकू मात्र तेव्हाही येत होतं."

तिची तीन मिनिटं संपली होती, पण टेप तिने बंद केली नव्हती. आपल्याला ते आठवलं नाही असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. प्रल्हादला तिने खरं सांगितलं, की मुद्दाम बंद केली नाही. ओपल हसली आणि म्हणाली, "व्हिनी, बंद कर ते मशीन. माह्या पोट्ट्याची गोष्ट सांगतो तुले." तिथे विनीताने बटण दाबलं.

पहिल्या रांगेत व्हिटलॉक पुढे झुकले होते. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर होते. त्यांनी ते वाक्य यापूर्वी कधीच ऐकलेलं नव्हतं.

गडबड झाली. दोन पत्रकार तिच्याकडे आले, केंद्राच्या संचालकांनी घाईने चहा जाहीर केला. अर्ध्या तासाने एक बाई तिला शोधत आली. सरांना तुमच्याशी एकट्याने बोलायचंय.

बाजूच्या लहान खोलीत ते खिडकीशी होते. बो टाय सैल केला होता.

"तुम्ही म्हणालात ते खरं आहे," ते म्हणाले. "मी ते लिहूनही देईन."

"द्या."

"मला एक विचारायचं आहे. ती... तिने नंतर काय सांगितलं?" त्यांचा आवाज व्याख्यानातला राहिला नव्हता, शब्दांच्या कडा झिजल्या होत्या. "माझ्याबद्दल ती काय म्हणाली? टेपवर आहे का काही?"

अडतीस वर्षांनी त्याने विचारलं होतं. ओपलची अट पुरी झाली होती. ती कॅसेट विनीताच्या पर्समध्ये होती. एक बटण दाबायचं होतं.

"नाही," विनीता म्हणाली. "तिने मशीन बंद करायला सांगितलं. मी बंद केलं."

"नंतर पुन्हा कधी..."

"नाही."

"मग तोंडी काय सांगितलं?"

"आठवत नाही. माझ्या कानांवर विश्वास ठेवू नका, तुम्हीच म्हणाला होतात."

मग त्यांनी मान डोलावली, म्हणजे हो, माझी हीच लायकी आहे. विनीता बाहेर आली. तिला आत खूप हलकं वाटत होतं, भूक लागली होती, लिंबाचा केक तिने दोनदा घेतला.

गाडीत तिने प्रल्हादला सगळं सांगितलं. महामार्ग लागेपर्यंत तो गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "सूड त्याच्यावर घेतलास, पण बसला त्या म्हातारीला."

"माहीत आहे."

"मग?"

"माहीत असून घेतला."

त्यानंतर चार दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

पुढे गोष्टी भराभर झाल्या. संकेतस्थळ दोन आठवडे बंद राहिलं, चौकशी समिती बसली, केंद्राला नाव द्यायचा कार्यक्रम लांबणीवर पडला आणि मग कुणी त्याचं नाव काढेना. ऑगस्टमध्ये संग्रह पुन्हा उघडला. पहिल्याच पानावर होतं, 'मुलाखती आणि संकलन: विनीता खानझोडे'. तिचे प्रश्न तिच्या आवाजात परत बसवले होते. नागपूरहून भाचीचा फोन आला, ओळखीतल्या काकूंनी केक पाठवला. विद्यापीठाने विचारलं, प्रबंधाचा पुनर्विचार करू, काही सुधारणा सुचवल्या तर कराल का? तिने लिहिलं की एकोणनव्वद साली दिलेला प्रबंध आहे तसाच घ्यावा, त्यातला स्वल्पविरामही मी बदलणार नाही. ते प्रकरण नियमांत अडकलं आणि अजून अडकलेलं आहे.

जुलैत व्हिटलॉकचं हाताने लिहिलेलं पत्र आलं होतं. त्यांनी सगळं कबूल केलं होतं. तुमचा कान माझ्या विद्यार्थ्यांत सगळ्यात तयार होता, मला तो तेव्हाच कळला होता आणि मी त्याला घाबरलो, असं लिहिलं होतं. खाली दोन ओळी वेगळ्या होत्या. टेपवर पुढे आणखी काही असेल असं मला राहून राहून वाटतं. असेल तर कृपा करा. मी कुठेही येईन.

विनीताने ते पत्र समितीला पाठवलं, शेवटच्या दोन ओळी झाकून. उत्तर दिलं नाही. सप्टेंबरात एकदा तिने कॅसेट हातात घेतली, व्हिटलॉकना फोनही लावला. पलीकडे घंटी वाजू लागली, तेवढ्यात तिला तोंडी परीक्षेची ती खोली आठवली, आपण घशात जोर लावून दुसऱ्यांदा 'वेस्ट' म्हणून पाहिलं होतं ते, आणि एका प्राध्यापकाने हसू लपवायला खाली घातलेली मान. तिने फोन ठेवून दिला.

ऑक्टोबरच्या शेवटी व्हिटलॉक गेले. वर्तमानपत्रात मृत्युलेख आला. प्रल्हादने तो वाचून तिच्यापुढे सरकवला. जन्म व्हर्जिनिया, आई शाळेत शिक्षिका.

"एवढं होऊनही हे खोटं तसंच," तो म्हणाला.

विनीताने त्याच दुपारी संग्रहाच्या कचेरीला लिहिलं. आवाज क्रमांक सतराचं नाव ओपल डॉकरी, ती जी. ॲलन व्हिटलॉक यांची आई, जन्मनाव ग्रेडी डॉकरी. तासाभरात उत्तर आलं. इतकी मोठी गोष्ट पुराव्याशिवाय लावता येणार नाही, काही पुरावा आहे का?

पुरावा एकच होता.

"हे ओपलसाठी करतेस?" प्रल्हादने विचारलं.

तिला हो म्हणता आलं असतं. "तिने सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाला ऐकवू नको," ती म्हणाली. "तिचा शब्द मी जूनमध्येच मोडला. हे त्याच्यासाठी आहे. त्याला आयुष्यभर ज्याची लाज वाटली ते त्याच्या नावापुढे लागलं पाहिजे."

"तो मेला, विनू."

"नाव आहे अजून."

दोन दिवस ती कॅसेट टेबलावर पडून होती. तिसऱ्या दिवशी विनीताने पहिली बाजू, आईची, आधी दुसरीकडे उतरवून घेतली. मग कॅसेट कापसात गुंडाळून पाकिटात घातली आणि स्वतः जाऊन पोस्टात दिली.

डिसेंबरपासून ती ध्वनिफीत संकेतस्थळावर आहे. ओपल डॉकरीचं नाव आहे, मुलाचं नाव आहे. 'नुसता बसजो' म्हणणारा तो आवाज कुणालाही, कधीही, बटण दाबून ऐकता येतो आणि हजारोंनी ऐकला आहे. प्रल्हादने अजून ऐकलेला नाही.